अत्र तिष्ठ, तिष्ठ

रुईकर कॉलनी, कोल्हापूर
१७ जुलै

अण्णा,

‘महाराज’ लिहायचं असतं, माहीत आहे मला. ‘नमोस्तु’ लिहून पाहिलं, तीनदा खोडलं. तुझ्या मुनिदीक्षेला अडीच वर्षं झाली तरी सख्ख्या भावाला दुसऱ्या नावानं हाक मारायला माझी जीभ वळत नाही. तुमच्या संघातले ब्रह्मचारी श्रीपालभैया आलेली पत्रं वाचून दाखवतात असं कळलं. त्यांना अवघडल्यासारखं झालं तर तेवढा शब्द त्यांनी गाळावा. चातुर्मास आहे म्हणून तू चार महिने अथणीकडच्या एका गावात तरी सापडतोयस. एरवी चालत्या माणसाला पत्र घालायचं कुठल्या पत्त्यावर?

कामाचं बोलते. मी लॉची सीईटी दिली. एकशेवीसपैकी अडुसष्ट. हसू नकोस. बी. कॉम. झाल्यावर वर्षभर अप्पांच्या दुकानात पाणबुडी मोटारींचे स्पेअर पार्ट विकत अभ्यास केला, त्या मानानं बरे आहेत. कोल्हापूरचं कॉलेज डोळे झाकून मिळेल. पुण्याचं मोठं कॉलेज, तू दुसऱ्या वर्षाला अर्धवट सोडलंस तेच, गेल्या वर्षी शेवटच्या यादीत एकाहत्तरला बंद झालं. तीन मार्कांनी हुकतंय. हुकतंय म्हणजे हुकेलच असंही नाही.

आता ऑनलाइन पसंतीक्रम भरायचा आहे. दोन ऑगस्टला संध्याकाळी पाचला मुदत संपते. शाहूपुरीत ऋतुराज म्हणून एकजण सगळ्यांचे फॉर्म भरून देतो, त्याला विचारलं. तो म्हणाला, “मोठं कॉलेज वर टाकायला काय जातंय मॅडम? न्हाय मिळालं तर खालचं हायच की. पण कोल्हापूर एक नंबरला टाकलासा तर तेच मिळणार, आणि पयलं मिळालं की विषय संपला. परत पुढच्या यादीत नाव न्हाय.”

म्हणजे प्रश्न मार्कांचा नाहीच. एक नंबरला काय लिहायचं एवढाच आहे. तू दोन्ही पाहिलंयस, कॉलेजही आणि ते सोडणंही. काय करू? एका शब्दात सांगितलंस तरी चालेल.

घरी सगळं ठीक. अप्पा साडेनऊला दुकानात जातात. आई बरी आहे. दहाला तुझं आवरलं की मग जेवते.

आदिती


२१ जुलै

अण्णा,

उत्तर नाही. येणार नाही हे ठाऊक होतं, तरी पोस्टमन आला की मी फाटकाशी जाते.

मागच्या पत्राची शेवटची ओळ लिहून गेले आणि पाकीट चिकटवल्यावर भानावर आले. तू म्हणशील, माझं काय आवरतं तिथं? तर ऐक. गेल्या दिवाळीपासून आपल्या घरी रोज चौका लागतो, मुनी आहाराला येणार असल्यासारखा. आई पहाटे बस्तीच्या, देवळाच्या विहिरीचं पाणी आणते, गाळते, सोवळ्यात स्वयंपाक करते. पावणेदहाला आम्ही दोघी फाटकात उभ्या राहतो, माझ्या हातात कलश आणि नारळ. रस्ता रिकामा असतो. समोरचे कुलकर्णीकाका स्कूटर पुसत असतात. दहा वाजले की आई त्या रिकाम्या रस्त्याकडं बघून म्हणते, “भो स्वामी, नमोस्तु, नमोस्तु, नमोस्तु. अत्र तिष्ठ, तिष्ठ.” इथं थांबा, थांबा. मग कुणीतरी थांबल्यासारखी ती त्याच्याभोवती तीन प्रदक्षिणा घालते आणि पाठ न दाखवता त्याला आत घेऊन येते.

आत पाट मांडलेला असतो. पुढं परात. आई पाय धुते, ते पाणी कपाळाला लावते, मलाही लावायला लावते. मग उभ्या माणसाच्या ओंजळीत घालावेत तसे एकेक करून बत्तीस घास हवेत धरते आणि सोडते. घास परातीत पडतात. त्यानंतर ती जेवते. आधी पाण्याचा थेंबही घेत नाही.

पहिल्या दिवशी मी ओरडले होते. दुसऱ्या दिवशी ती तीनपर्यंत उपाशी राहिली आणि चक्कर येऊन पडली. तेव्हापासून मी कलश धरते. पडगाहनाला, मुनींना दारात थांबवून आत घ्यायला, जोडी लागते म्हणते. खरी जोडी अप्पांची, पण ते साडेनऊलाच बाहेर पडतात. तू गेल्यापासून त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही, नवं नाही आणि जुनंही नाही.

आता आजची गोष्ट. सकाळी मी मोबाईलवर पसंतीक्रमाचा फॉर्म उघडला होता. कॉलेजांची यादी नुसती वाचत होते. तेवढ्यात दहा वाजले. फोन कमरेला खोचून मी कलश धरला. अकरावा की बारावा घास चालू असताना कमरेशी फॉर्मच्या ओटीपीचा उशिरा आलेला मेसेज वाजला. आईचा हात तिथंच थांबला.

“अंतराय,” ती म्हणाली. “ओंजळ सोडली त्यांनी. गेले.”

विघ्न आलं की मुनी त्या दिवशी पुढचा घास घेत नाहीत, पाणीसुद्धा नाही. तुझंच तुला शिकवतेय. पण मला हसू आलं, खरं सांगते. कोण गेलं? कुठून गेलं?

दुपारी तुमच्या संघाचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला. एरवी रोज ‘आहार निरंतराय संपन्न’ असतं. आज होतं: ‘बाराव्या घासाला अंतराय.’

हसू तिथंच आटलं.

आदिती


२५ जुलै

अण्णा,

मी कॉमर्सची पोरगी. एकदा झालं तर योगायोग म्हणेन, म्हणून मी ताडून पाहिलं.

बावीसला फॉर्म उघडला नाही. ग्रुपवर निरंतराय. तेवीसला सकाळी उघडला, पुण्याचं नाव एक नंबरला टाकलं आणि सेव्ह न करता बंद केला. ग्रुपवर: ‘आज विधी मिळाला नाही. उपवास.’ चोवीसला परत टाकलं. परत उपवास. आज पंचवीस. आज मी कोल्हापूर एक नंबरला टाकलं आणि सेव्ह केलं. तुझा आहार निरंतराय झाला.

अण्णा, तुम्ही मंडळी आहाराला निघताना मनात एखादी खूण धरता, तोच तो विधी. अमुक हातात धरलेली बाई दिसली तर, दोन नारळ दिसले तर, अशी. कुणाला सांगत नाही. ती खूण दारात दिसली तरच थांबता, नाहीतर उपाशी माघारी. लोक बिचारे रोज वेगवेगळं काहीबाही हातात घेऊन उभे राहतात. कुणाचं काय जुळेल सांगता येत नाही, तरी उभे राहतात. लहानपणी मला याची गंमत वाटायची. आता वाटते ती भीती. तू मनात काय धरून निघतोस? माझा फॉर्म?

काल जयसिंगपूरहून आक्का आली होती. आत्याचा स्वभाव तुला माहीत, तोंडावर बोलते. आल्या आल्या आईला म्हणाली, “येडबिड लागलंय काय गं तुला? जित्या पोराचं श्राद्ध घातल्यागत काय चालवलंयस रोज?” आई म्हणाली, “वन्सं, आलायसा तर पाय धुवायला बसा.” आक्का चेष्टेनंच बसली. तांब्या उचलला, परातीवर धरला, पाणी सोडलं.

मी तिच्या मागं उभी होते. मला तिची पाठ दिसत होती. पाणी अर्धं झालं आणि तिनं तांब्या खाली ठेवला. पदर डोक्यावरून घेतला. पुढचा तासभर ती एक शब्द बोलली नाही. आक्का! एक तास!

स्टँडवर सोडायला गेले तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. “पोरी, पानी सरळ पडलं न्हाय. मधी कायतरी हाय आसं दोन्ही अंगानं फाकलं बघ.” मी म्हटलं, “आक्का, हात कापत असेल.” ती म्हणाली, “माजा हात? म्हशीचं दूध काढतोय अजून.” आणि गाडीत चढली. राहायला म्हणून आली होती. पिशवीतल्या साड्यासुद्धा बाहेर काढल्या नव्हत्या.

आणि आज परात कोरडी होती. बत्तीस घास मी मोजले, अण्णा. नंतर परात उचलायला गेले तर आत काहीच नव्हतं. आईनं आधीच पुसली असेल. मी मधे एकदा फोनकडं पाहिलं होतं, तेवढ्यात पुसली असेल.

कोल्हापूरच राहू दे म्हणतेस का, असं आईनं मला संध्याकाळी विचारलं. मी तिला फॉर्मबद्दल काही सांगितलेलं नाही.

आदिती


३० जुलै

अण्णा,

आज श्रीपालभैयांचा फोन आला. काळजीत होते. आज तिसरा उपवास सलग. गावातली तीस घरं रोज उभी राहतात. उसाचं कांडं, आरसा, कोरी वही, गूळ, जे सुचेल ते हातात धरतात. तू नजर खाली घालून सगळ्यांवरून जातोस आणि मंदिरात परततोस.

मी विचारलं, “माझी पत्रं वाचता का त्यांच्यापुढं?” भैया म्हणाले, “ताई, खरं सांगतो. वाचायला घेतलं की महाराज मोरपिसांची पिंछी उचलतात आणि उठून जातात. तरी मी शेवटपर्यंत वाचतो. खोलीत आवाज राहतो म्हणून.”

मला राग आला. फार राग आला. तुझ्याकडं सगळ्या जगासाठी क्षमा आहे, मुंगीसाठी मोराची पिसं आहेत आणि बहिणीसाठी एक शब्द नाही. मी हे तीन दिवस फॉर्मला हातसुद्धा लावलेला नाही. कोल्हापूर एक नंबरला तसंच आहे. मग आता कशाचा उपवास?

सांगते कशाचा ते. रिकाम्या खोलीला ऐकवायचं तर खरं ऐकवते.

तू दीक्षा घेणार हे घरी कळायच्या आधी, फेब्रुवारीत, दुपारी अडीचला, मी कॉलेज सुटल्यावर दुकानात बसले असताना, तू फोन केला होतास. गारगोटीचे एक पाव्हणं फूटव्हॉल्व्ह हातात घेऊन माझ्याशी हुज्जत घालत होते. तू म्हणालास, “आदू, मी गेलो तर चालंल काय गं?” मला वाटलं इंटर्नशिपला दिल्लीला वगैरे जायचं म्हणतोयस. मी म्हटलं, “जा की बाबा. तेवढीच एक खोली मोकळी हुईल.” तू हसलास. मी फोन ठेवला आणि व्हॉल्व्ह विकला.

पंधरा दिवसांनी तू केस उपटून घेतलेस. तुझ्या मिरवणुकीला सगळी कॉलनी नाचली आणि मी डोकं दुखतंय म्हणून त्याच मोकळ्या खोलीत कडी लावून बसले. तेव्हापासून आई महिन्यातून एकदा तरी म्हणते, “पुण्याच्या कॉलेजानं नेलं माझं पोरगं. जाताना कुणाला इचारलंसुदीक न्हाय गं त्यानं.” मी मान हलवते. अडीच वर्षं मान हलवतेय.

म्हणून मी कलश धरते. दयेनं नाही. आणि म्हणून मला मार्क कमी पडल्याचं बरं वाटलं होतं. अडुसष्टवाली पोरगी पुण्याचं स्वप्न बघत नाही, असं म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही. ऋतुराजनं मात्र घोटाळा केला. तो म्हणाला वर टाकायला काय जातंय, आणि मला कळलं की मला जायचं आहे. खूप जायचं आहे. तिथल्या मूट कोर्टचे, लुटुपुटीच्या खटल्यांचे, व्हिडिओ मी दुकानात आवाज बंद करून बघते.

काल आईनं पाय धुतले तेव्हा पाटाबाहेर फरशीवर ओलं पाऊल उठलं होतं. डाव्या पायाचं, अंगठ्याशेजारचं बोट लांब. आपल्या घरात तसं बोट तुझं एकट्याचं. मी पाय ठेवून पाहिला नाही. फडकं आणून पुसून टाकलं.

तूच येत असशील तर बोल ना रे.

आदिती


२ ऑगस्ट

अण्णा,

आज शेवटचा दिवस होता, तेव्हा सगळं क्रमानं लिहिते.

सकाळी ग्रुपवर आलं होतं की काल पाचवा उपवास झाला. आईनंही वाचलं होतं. तिनं नेहमीपेक्षा जास्त पदार्थ केले. नऊ वाजता मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर उभी राहिले. आंघोळ केली नव्हती, म्हणजे मला आत जाताच आलं नसतं. तेवढी मी मुद्दाम तयारी केली होती.

म्हटलं, “आई, आज मी कलश धरणार नाही. दहा वाजता फॉर्म भरणार आहे. पुण्याचं एक नंबरला.”

ती पोळी लाटत होती. “आज सहावा दिवस हाय त्यांचा,” म्हणाली.

“माहीत आहे.”

“जोडी न्हाय दिसली की माघारी जातील ते.”

“आई, त्यानं विचारलं होतं,” मी म्हटलं. “मला. फोन करून. जाऊ का म्हणून. आणि मी जा म्हटलं.”

लाटणं थांबलं. मला वाटलं आता ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पोळीकडं बघतच म्हणाली, “म्हंजे तुला इचारलं त्यानं. मला न्हाय.” मग ती पोळी तव्यावर टाकली, शेकली, वर तूप सोडलं, आणि कपडे बदलायला गेली.

पावणेदहाला ती एकटीच फाटकात उभी राहिली. कलशही तिनंच धरला, नारळही. मी सोप्यात लॅपटॉप घेऊन बसले होते. तिथून तिची पाठ दिसते. दोन्ही एकटीनं सांभाळताना कलशातलं पाणी तिच्या पायावर सांडत होतं. मी चार वेळा उठले आणि चार वेळा बसले. हे मला तुला सांगायचंच आहे, कारण मी काही दगडाची नाही.

अप्पांची स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आज आला नाही हे माझ्या उशिरा लक्षात आलं. ते मागच्या दारातून आले. आंघोळ केलेले, ओल्या केसांचे, तुझ्या दीक्षेला घेतलेलं आणि कधीच न नेसलेलं धोतर नेसून. माझ्याकडं बघितलं, लॅपटॉपकडं बघितलं. “भर तू,” म्हणाले. “मोठं वर भर. मार्कांचं नंतर बघता येतंय.” आणि फाटकात जाऊन त्यांनी आईच्या हातातला कलश घेतला.

दहा वाजले. आईनं ‘नमोस्तु’ म्हटलं. अप्पांना पुढचं पाठ नव्हतं. ते नुसतं म्हणाले, “थांब. थांब रे.”

मला बघवेना. मी यादीत खाली-वर करत राहिले. पुण्याचं मोठं एकला. पुण्याचं दुसरं दोनला. मुंबईचं तीनला, तेही आवाक्याबाहेरचंच. सांगली चारला. कोल्हापूर पाचला. तोवर प्रदक्षिणा झाल्या, ती दोघं मागं मागं चालत सोप्यातून आत आली. माझ्या खुर्चीजवळून जाताना अप्पांनी अंग चोरलं, मधून जाणाऱ्याला वाट द्यावी तसं. फॉर्म कायम करायला ओटीपी मागितला. घास चालू झाले होते. फोन टिंगटिंगला, सगळ्या घरात ऐकू गेला. मी आत कान दिला.

आई अंतराय म्हणाली नाही.

आकडे टाकले, बटण दाबलं. हिरव्या अक्षरांत फॉर्म स्वीकारल्याचं आलं. दहा वाजून वीस मिनिटं. आता कुणालाच तो बदलता येणार नाही, मलाही नाही. मी उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले.

अप्पा पाटासमोर उभे होते. हातात भाताचा घास होता आणि हात बराच वर धरलेला होता, आपल्या घरात कुणाला लागत नाही इतका वर. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता तसा झाला होता. डोळ्यांतलं पाणी पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. अगदी हळू आवाजात ते आईला म्हणाले, “किती वाळलंय गं पोरगं.”

“घास बारीक करून घाला,” आई म्हणाली. “गिळवत न्हाय त्यांना.”

मी नीट बघितलं, अण्णा. पुष्कळ वेळ बघितलं. मला पाट दिसला. परात दिसली. मागची खिडकी आणि तिच्यातून मागच्या दाराशी लावलेली अप्पांची स्कूटर दिसली. ते दोघं एकाच जागी बघत होते, एकाच उंचीला, आणि अप्पांच्या बोटांतून भात सुटला तो खाली पडल्याचा आवाज मला आला नाही.

संध्याकाळी ग्रुपवर आलं: ‘सहाव्या दिवशी विधी मिळाला. आहार निरंतराय. स. १०.२०.’ भैयांनी वेगळा मेसेज पाठवला होता, तू एका म्हाताऱ्या जोडप्याच्या दारात थांबलास म्हणून, त्यांच्या हातात काय होतं ते कुणालाच नीट आठवत नाही. मला रडू आलं. तू जेवलास म्हणून आलं, दुसरं काही नाही. माझ्या फॉर्मचा तुझ्या भुकेशी संबंध होता की नव्हता ते मी आता ताडून बघणार नाही. ग्रुपमधून मी बाहेर पडले आहे.

अप्पांनी दुकानाला निरोप धाडलाय, उद्यापासून अकराला उघडा म्हणून. आई त्यांना मंत्र शिकवतेय, आतून आवाज येतोय. चुकले की ती हसते. अडीच वर्षांनी हसते आहे. मला त्याची भीती वाटते, पण मी ते थांबवणार नाही.

पहिली यादी बारा तारखेला लागेल. अडुसष्टला पुणं नाही मिळालं तर सांगली मिळेल, तेही नाही तर इथलं आहेच, पण मी विचारलं तरी आहे. हे शेवटचं पत्र. तुला हाक मारून मीही तुला थांबवतच होते, आज कळलं.

मला तू दिसत नाहीस, त्या दोघांना दिसतोस. मी जायच्या तयारीला लागते. आता इथलं तू बघ.

आदू